वजन किती ते पुरे, कशाचं ते सांगा

शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. मुलं रांगेनं काट्यावर चढतात, एक बाई आकडा पुकारतात, दुसऱ्या तो कार्डावर उतरवतात. उंची भिंतीवरच्या पट्टीवर घाईघाईत उरकली जाते आणि कंबर कोणी मोजतच नाही. कार्ड घरी गेलं की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ‘जरा जास्तच सुटलाय’ आणि कळव्याच्या चाळीत ‘अंगाला काही लागतच नाही’ अशी चर्चा सुरू होते. दोन्हीकडे चर्चा किलोचीच.

समजा, तिसरीतली दोन मुलं आहेत. दोघांची उंची १२५ सेंटिमीटर, वजन २८ किलो. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढला तर दोघांचा सारखाच, १७.९. पण एकाची कंबर ५७ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची ६६. पहिल्याच्या २८ किलोंत स्नायू आणि हाडं भरपूर आहेत. दुसऱ्याच्या २८ किलोंत पोटाभोवतीची चरबी जास्त आणि मांड्या-दंडांत जोर कमी आहे. शाळेच्या कार्डावर ही दोन्ही मुलं एकसारखी दिसतात, डॉक्टरच्या दृष्टीनं ती दोन टोकांना उभी असतात.

मुलाच्या शरीरात चरबी, स्नायू आणि हाडं कोणत्या प्रमाणात आहेत, म्हणजे त्याची घडण कशी आहे, हा प्रश्न वजनापेक्षा मोठा आहे. या घडणीचा पाया आईच्या पोटात, पहिल्या दोन वर्षांत आणि त्यानंतर साधारण सहाव्या वर्षापर्यंत पडतो. त्यात मुलाचा स्वतःचा निर्णय जवळपास नसतो. तो पाया घरचं ताट, आईबापांच्या कामाच्या वेळा, दवाखाना, सोसायटी आणि महापालिका मिळून घालतात. असं असूनही आपली मोहीम पाचवी-सहावीत सुरू होते, आणि तीही ‘कमी खा रे’ या उपदेशानं. इतक्या उशिरा आणि चुकीच्या माणसाला धरून काही हाती लागत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

या विषयातलं जगभर मानलं गेलेलं काम आपल्या शेजारी, पुण्यात झालं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याआधी २००३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचं ३.५ किलो. हे ८०० ग्रॅम कुठे कमी पडले? मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. पाठीच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र इंग्लिश बाळाच्या बरीच जवळ होती. म्हणजे आपलं बाळ जन्मतःच किडकिडीत दिसतं, पण आतून तुलनेनं चरबीचं असतं. अशा बाळाला मोठेपणी मधुमेह लवकर गाठू शकतो, आणि तोही फार न सुटता.

तेव्हा ‘लठ्ठपणा ही टॉवरमधल्यांची अडचण, आमच्याकडे कुपोषण आहे’ ही वाटणी मुळातच खोटी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के उंचीनं खुरटलेली आणि २५.६ टक्के कृश निघाली. वजन जास्त असलेली ४.१ टक्के. हे सगळं उंची आणि वजनावरून काढलेलं आहे, आतल्या चरबीचा हिशेब त्यात नाही. येऊरच्या पाड्यावरचं मूल आणि हिरानंदानी इस्टेटमधलं मूल एकाच महापालिकेच्या हद्दीत राहतात, आणि दोघांच्या शरीराची मूळ अडचण एकच आहे: स्नायू कमी.

सुरुवात गरोदरपणापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून करावी लागते. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, पण आईचं इन्सुलिन पोचत नाही. साखर वाढली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि ते इन्सुलिन बाळाच्या अंगावर चरबी चढवतं. त्यामुळे ‘बाळ चांगलं भरलंय’ या वाक्यामागे कधी कधी न ओळखलेला मधुमेह असतो.

सरकारी पद्धतीत यासाठी सोपी तपासणी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. ही तपासणी पहिल्याच भेटीत करायची आणि ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. ती बिघडते कशी? गोड पाणी पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगतात, आणि ती बाई येत नाही. दोन तास बसायला बाकडं नसतं. दिघ्याहून किंवा तुर्भे स्टोअरहून आलेल्या बाईचा तेवढ्यात रोज बुडतो. पहिल्या वेळी ठीक आली म्हणून दुसरी तपासणी कागदावरच राहते. यातल्या एकाही अडचणीवर महागडं यंत्र लागत नाही. सावलीत पंखा, बाकडी, आणि दुसऱ्या तपासणीची तारीख माता-बाल कार्डावर लाल शाईनं लिहिणारी परिचारिका एवढं पुरतं.

घरात याच काळात ‘दोन जिवांचं खा’ सुरू होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर उसळ. त्याहून मोठी वाढ प्रथिनांत हवी: शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त. आपण नेमकं उलट करतो. तूप, साखर आणि डिंक वाढवतो, डाळ आणि दूध होतं तेवढंच ठेवतो. वजन किती वाढावं हेही आधीच्या बांध्यावर ठरतं. सडपातळ बाईचं साडेबारा ते अठरा किलो वाढलं तरी चालतं, आधीच वजन जास्त असलेल्या बाईचं सात ते साडेअकरा किलोच वाढायला हवं. सगळ्या सुनांना एकच डोहाळजेवण लावून चालत नाही.

पुण्याच्या त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या शाकाहारी घरांनी ऐकायला हवी. तिथल्या दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेटची, म्हणजे गोळीतल्या फोलिक अ‍ॅसिडच्याच कुळातल्या जीवनसत्त्वाची, कमतरता जवळपास कोणालाच नव्हती. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. एक दुसऱ्याचं कारणच आहे, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. तरीही सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं, आणि हीच गोळी शाळकरी मुलींना दर आठवड्याला आणि गरोदर बायकांना रोज दिली जाते, हे खटकायला हवं. बी-१२ ची गोळी महाग नाही. पालिकेच्या प्रसूतिगृहांनी स्वतःच्या खर्चानं ती द्यायला सुरुवात केली तर राज्याची वाट पाहावी लागणार नाही.

मुंबईच्या वस्त्यांत झालेला ‘सरस’ प्रकल्प याच धाटणीचा होता. बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के आढळला, तुलनेच्या गटात १२.४ टक्के. समोशाएवढा खाऊ, पण दिवस गेल्यानंतर धावाधाव करण्याऐवजी आधीच दिलेला.

बाळ जन्मल्यावर वजनाची शर्यत लागते. २.६ किलोचं बाळ म्हणजे घरात चिंता, आणि चिंतेवरचा पहिला उतारा पावडरचं दूध. स्तनपानानं मूल पुढे सडपातळ होतं असा प्रचार केला जातो, तो जपून करावा. बेलारूसमध्ये सतरा हजारांवर बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत स्तनपान वाढवलं, पण साडेअकराव्या वर्षी लठ्ठपणात फरक दिसला नाही. अंगावरच्या दुधाची बाजू घ्यायला जुलाब आणि छातीचे आजार कमी होतात एवढं कारण भरपूर आहे. चरबीच्या बाबतीत खरा मुद्दा बाटलीत काय आणि किती घट्ट भरलं जातं हा आहे.

पावडरच्या डब्यातला चमचा सपाट भरायचा असतो, साधारण ३० मिलिलिटर पाण्याला एक. पाणी आधी, पावडर नंतर. घरात काय होतं? ‘पातळ दिसतंय’ म्हणून शीग लावून भरतात, किंवा चार चमच्यांच्या जागी पाच घालतात. त्यानं बाळाला प्रथिनं आणि कॅलरी गरजेपेक्षा जास्त जातात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत जास्त प्रथिनांचं बाटलीचं दूध मिळालेली बाळं दोन वर्षांची होईपर्यंत उंचीच्या मानानं जड झाली होती. उलट, डबा महिनाभर पुरवायचा असलेल्या घरात चार चमच्यांच्या पाण्यात दोनच पडतात आणि बाळ खुरटतं. शिशुआहाराच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण डबा सुचवणारा माणूस बहुधा नातेवाईकच असतो. त्याला कुठला कायदा लावणार?

नोकरी करणाऱ्या आईची गोष्ट वेगळी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात हजारो बायका काम करतात. तिथे पाळणाघर शोधायला गेलं तर कुठे तरी ‘टाय-अप’ दाखवलं जातं, आणि ते दोन स्टेशनं पलीकडे असतं. काढून ठेवलेलं दूध उन्हाळ्यात बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं. त्यासाठी कार्यालयात कडी लागणारी एक खोली आणि वेगळा छोटा फ्रिज लागतो. स्वच्छतागृहात उभं राहून दूध काढायला लावणाऱ्या कंपनीनं आरोग्यदिनाचे फुगे लावू नयेत.

सहा महिन्यांनंतरचं वरचं अन्न हा आपल्याकडचा सगळ्यात कच्चा दुवा. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो. यात श्रीमंत घरंही आली. डाळीचं पाणी, भाताची पेज, दुधात बुडवलेलं बिस्किट ही आपली त्रयी. डाळीच्या पाण्यानं पोट भरतं, प्रथिनं पातेल्याच्या तळाशी राहतात. घास चमच्यावरून ओघळता कामा नये. आधी दोन-तीन चमचे, नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी (२५० मिलिलिटरची), वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चार वेळा. मऊ खिचडीत डाळ तांदळाच्या निम्मी तरी हवी, वर चमचाभर तूप, खाणाऱ्या घरात अंडं किंवा कुस्करलेली मासळी. साखर आणि फळांचा रस दोन वर्षांपर्यंत नको. आणि वर्षानंतर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पाजलं की जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडतं.

आता ज्या टप्प्याकडे जवळपास कोणाचंच लक्ष नसतं तो टप्पा. बाळ पहिल्या वर्षात वजनाच्या जवळपास तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ-साडेनऊ होतं. पुढे दोन ते पाच या वयात वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं, उंची मात्र वाढत राहते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या अखेरीपासून बीएमआय खाली यायला लागतो, पाच-सहा वर्षांच्या आसपास तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. आजीच्या भाषेत, बाळसं उतरतं. गाल जातात, बरगड्या दिसतात, भूक चिमणीएवढी होते. हे सगळं जसं व्हायला हवं तसंच होत असतं.

पण घरात हलकल्लोळ उडतो. ‘कसं गुटगुटीत होतं, आता बघ!’ शेजारच्या बाळाशी तुलना, डॉक्टरकडे टॉनिकची मागणी, दोन्ही वेळच्या दुधात चॉकलेटची पावडर, ताटावर मोबाइल. चिऊ-काऊच्या घासातही मूल गुंतायचं, हे खरं. पण कावळा उडाला की जेवण संपायचं, व्हिडिओ संपत नाही. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याची जाणीव होण्याआधी चार घास जास्त गेलेले असतात, आणि काही महिन्यांत ती जाणीवच बोथट होते.

साखरेचा हिशेब करून बघा. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३५० कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम असावी. एका कपात दोन चमचे पावडर आणि वर एक चमचा साखर धरली तर साखर दहा ग्रॅमच्या आसपास जाते. असे दोन कप झाले की दिवसाचा कोटा संपला, बिस्किटं आणि जॅम अजून बाकीच आहेत. ग्लुकोज बिस्किटाच्या वजनातला चौथा हिस्सा साखरेचा असतो. या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यात विकू नका, असं केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. रकाना बदलला, डबा ओट्यावर तसाच आहे.

या बळजबरीचा परिणाम म्हणजे बीएमआयचा तळ पाचव्या-सहाव्या वर्षाऐवजी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच येतो आणि रेषा वर वळते. १९६९ ते ७२ दरम्यान दिल्लीत जन्मलेल्या सुमारे दीड हजार जणांचा माग पुढे तिशीपर्यंत काढला गेला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते, त्यांची रेषा लवकर वर वळली आणि नंतर सतत चढत गेली. आणि त्यांच्यापैकी बाराव्या वर्षी लठ्ठ कोणीही नव्हतं! ‘माझं मूल कुठे जाडं आहे’ या उत्तरात अडकलेल्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. धोका आकड्यापेक्षा रेषेच्या वळणात दिसतो.

मूल खरोखर कमी पडतंय हे ओळखायचं कसं? उंचीची रेषा सपाट झाली, वजनाची रेषा तक्त्यावरची एकेक पायरी उतरत गेली, जुलाब-खोकला सतत येत राहिला, किंवा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेला, तर डॉक्टरकडे जावं. यातलं काही नसेल आणि मूल धावत असेल, तर ताटात काय आणि केव्हा हे मोठ्यांनी ठरवावं, किती हे मुलावर सोडावं.

घरातल्या घड्याळाचा विचार आहारतज्ज्ञांच्या यादीत क्वचित येतो, पण ठाणे-नवी मुंबईत तो टाळता येत नाही. बाबा सकाळी पावणेआठची लोकल पकडतात आणि रात्री नऊला घरी येतात. ‘बाबा आल्यावर सगळे एकत्र जेवू’ या प्रेमापोटी जेवण दहाला, झोप साडेअकराला. शाळेची बस पावणेसातला खाली उभी. झोप झाली साडेसहा-सात तास. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास हवेत, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२. झोप कमी पडली की गोड-तळलेल्याची ओढ वाढते आणि दमलेलं मूल संध्याकाळी खेळत नाही, सोफ्यावर पडतं. चरबी याच वाटेनं साचते.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ ला निघाला. बसवाल्यांनी वाहतुकीचं कारण दिलं, शाळांनी दोन सत्रांचं. दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांच्यासाठी झोप मात्र पहिलीतल्या मुलाची कापली जाते. शिक्षक-पालक संघाच्या सभेत फी आणि स्नेहसंमेलनाइतकाच वेळ या निर्णयाला दिला तर बरंच काही हलेल. घरापुरता उपाय लगेच करता येतो: मुलांचं जेवण साडेसातला, जे घरी असतील त्यांच्यासोबत. बाबांचा वाटा सकाळच्या न्याहारीचा. तीही फक्त खाण्याची नाही, करण्याचीही. मुलाच्या वजनावरून आईला बोल लावणाऱ्या घरात बाप स्वतः रात्री साडेदहाला फरसाणाची पिशवी उघडत असतो, आणि मूल त्याच्याच हाताकडे बघत शिकतं.

खेळायचं कुठे? राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती बऱ्याचदा पोडियमवर येते: फरशी, दोन घसरगुंड्या, कृत्रिम हिरवळ, आणि खांबावर ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी. खाली गाड्या, वर ज्येष्ठांची फेरी. स्नायू आणि हाडं पळण्या-उड्या मारण्यानं घडतात. रोज एक तास दम लागेल असा खेळ शाळकरी मुलाला हवा, आणि आठवड्यातून दोनदा चारशे मीटर दूरच्या क्लासला गाडीनं नेऊन तो भरून निघत नाही. सर्वसाधारण सभेत एकच ठराव करावा: संध्याकाळी पाच ते सात चेंडूला परवानगी, चेंडू रबरी, तळमजल्याच्या खिडक्यांना जाळी सोसायटीच्या खर्चानं. काचेचा खर्च जिममधल्या नव्या ट्रेडमिलपेक्षा कमीच येईल, आणि त्या ट्रेडमिलवर बारा वर्षांखालच्यांना मनाई असतेच.

वस्तीतल्या मुलाची अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे जागा नसली तरी मूल गल्लीत पळतं. अडतं ते ताटाशी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, संध्याकाळी वडापाव. कॅलरी मिळतात, स्नायू बांधायचं सामान मिळत नाही. अशा खुरटलेल्या मुलाचं वजन नुसतं तेल-साखरेनं वाढवलं की कागदावर ते ‘सुधारलं’, शरीरात मात्र चरबीच वाढली. त्याला डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे हवेत आणि जुलाब थांबायला स्वच्छ पाणी हवं. राज्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि वर बी-१२ असतं. ठाणे आणि नवी मुंबई या महापालिका राज्यातल्या गरीब महापालिकांत मोडत नाहीत. आपल्या शाळांपुरतं हे अंडं त्यांना स्वतःच्या अंदाजपत्रकातून सहज देता येईल, आठवड्याला दोन देता आली तर उत्तमच.

‘आमच्या घराण्याची हाडंच मोठी’ हा आक्षेप थोडक्यात निकाली काढता येतो. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, लठ्ठपणाशी जोडलेला एफटीओ हा जनुक २००७ मध्ये सापडला. पण अंग हलवणाऱ्यांत त्याच जनुकाचा परिणाम सौम्य होतो, हेही दिसून आलं आहे. शिवाय घराण्याकडून जनुकांबरोबर फोडणीचा हात, जेवणाची वेळ आणि रविवारची दुपारही वारशानं येते, आणि ती बदलता येते.

मग मोजायचं काय? दोन वर्षांपर्यंत बाळाची लांबी आडवं झोपवून, नंतर उंची उभं करून. दोन पद्धतींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून कोणती वापरली ते लिहावं. उंचीसाठी बूट काढून टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकवायचे, नजर समोर, अंबाडा किंवा पोनी सोडायची, डोक्यावर काटकोनी फळी ठेवायची, नुसती पट्टी तिरकी धरायची नाही. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ दिसायला हवी. कंबर मोजताना न ताणणारी टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, गणवेशाच्या आतून, श्वास सोडल्यावर. सहा वर्षांनंतर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १२५ सेंटिमीटरच्या मुलासाठी ही रेषा ६२.५ ला येते. बीएमआयसाठी पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरावेत. त्यांत सावधगिरीची रेषा मोठ्यांच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची २७ शी जुळवलेली आहे, आपल्या चरबीच्या घडणीमुळे. परदेशी तक्त्यांवर ‘नॉर्मल’ ठरलेलं मूल इथे सावधगिरीच्या रेषेपलीकडे असू शकतं. जिममध्ये पाय ठेवून चरबीचे टक्के सांगणाऱ्या यंत्रांच्या नादी मुलांच्या बाबतीत लागू नये. ती यंत्रं शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात, आणि त्यांची सूत्रं बहुधा प्रौढांवर बेतलेली असतात.

हे सगळं वर्गात मोठ्यानं पुकारण्यासाठी नाही. मोजणी पडद्याआड व्हावी, आकडे बंद पाकिटातून पालकांना जावेत, मुलासमोर ‘जाड्या’ किंवा ‘काडी’ असा शब्दही निघू नये. पालकांना आकड्यांऐवजी रेषा पाठवावी: गेल्या तीन मोजण्यांची उंची, बीएमआय आणि कंबर, आणि खाली एकच ओळ, ‘सहा महिन्यांनी पुन्हा बघू’ किंवा ‘या आठवड्यात दवाखान्यात या’. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जातातच. त्यांच्या पिशवीत एक न ताणणारी टेप आणि एक काटकोनी फळी टाकायला वेगळी योजना काढावी लागत नाही. पालिकेनं पहिल्या वर्षी ही मोजणी बालवाडी आणि पहिलीपुरतीच करावी, कारण रेषेचं वळण त्याच वयात सापडतं. सहावीतल्या मुलांची शिबिरं नंतरही भरवता येतील.